दहा दिवस ऑडी टीटी माझ्या दारात आणि माझी स्विफ्ट निपाणीला

आधीच सांगतो, म्हणजे खाली वाचून कुणी नावं ठेवायला नकोत, ऑडी टीटी ही स्पोर्ट्स कार माझी नाही. माझी स्विफ्ट. २०२४ चं मॉडेल, झेडएक्सआय, हातानं गिअर टाकायची, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग, आतापर्यंत एकवीस हजार चाललीय. टीटी आमच्या निपाणीच्या मामेभावाची, २०१२ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, आठ महिन्यांपूर्वी पुण्यातनं सेकंडहँड उचललेली, साडेसोळा लाखाला. नवी होती तेव्हा ही गाडी पन्नास लाखांच्या घरात होती, त्यामुळं त्याचा हिशोब असा की आपले तेहतीस लाख वाचले. आता अशा माणसाला काय समजावणार.

तुळशीची लग्नं झाली आणि मामेबहिणीच्या लग्नाची तारीख निघाली. त्यांच्या घरात गाड्या दोन, एक मामांची जुनी जीप जी कायम शेताकडं, आणि दुसरी ही टीटी जिच्यात पत्रिकांचा गठ्ठा आणि दोन माणसं बसली की संपलं. मामेभावाचा फोन आला, "दादा, तुझी स्विफ्ट दे की दहा दिवस, माझी ठेव तुझ्याकडं." मी विचार केल्यासारखं दाखवलं, बायकोला विचारून सांगतो म्हंटलं, आणि फोन ठेवायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

तर हे सगळं त्या दहा दिवसांवरनं. कारण हल्ली आमच्याकडं चार पोरं बसली की हाच विषय असतो, दहा लाखात नवी हॅचबॅक घेण्यापेक्षा अजून पाच-सहा घालून सेकंडहँड स्पोर्ट्स कार का घेऊ नये. व्हिडिओ बघून बघून सगळ्यांना टीटीचा पिकअप पाठ झालाय, पण व्हिडिओवाला दिल्ली नाहीतर बेंगळूरच्या गुळगुळीत रस्त्यावर असतो, त्याला आमचा पिरनवाडी ते जांबोटी रस्ता माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी गाडी बाहेर काढलीच नाही. नुसता भोवती फिरलो. उद्यमबागेत आमचं छोटं मशिन शॉप आहे, दिवसभर लोखंड-ॲल्युमिनियमशी गाठ, त्यामुळं मला गाडीच्या पिकअपच्या आधी तिचा पत्रा बघायची खोड आहे. आणि ह्या गाडीचा पत्रा बघण्यासारखा आहे. ही टीटीची दुसरी पिढी, हिच्या सांगाड्यात जवळजवळ ६९ टक्के ॲल्युमिनियम आणि उरलेलं स्टील, आणि स्टील मुद्दाम मागच्या बाजूला घातलंय कारण इंजिन पुढं, सगळं वजन पुढं जाऊ नये म्हणून. म्हणजे हलकी करायची पण मागनं हलकी नको, असा विचार करून बनवलेली गाडी. बोनेटवर बोटानं टिचकी मारून बघितलं, आवाजच वेगळा. दारांच्या गॅपा बघितल्या, वरपासून खालपर्यंत एकसारख्या, तेरा वर्षांनी. हंगेरीत बनायची ही, ग्योरला, १९९८ पासून २०२३ पर्यंत टीटी चालली आणि मग कंपनीनं बंद केली.

पण तेच ॲल्युमिनियम उद्या ठोकलं तर काय, हाही विचार लगेच आला. आपल्याकडचा पत्र्याचं काम करणारा मिस्त्री स्विफ्टचा फेंडर हातोडीनं सरळ करून, लांबी भरून, संध्याकाळी रंग मारून देतो. ॲल्युमिनियमला तसलं चालत नाही, ते ताणलं की परत येत नाही, वेल्डिंगला वेगळं मशीन, वेगळा हात, लोखंड घासलेलं ग्राइंडरचं चाक त्याच्यावर फिरवलं तरी पुढं जाऊन तिथं गंज धरतो. म्हणजे बहुतेक वेळा पॅनेल बदलायचं, आणि बंद झालेल्या मॉडेलचं पॅनेल कुठनं आणायचं ते तुम्हीच ठरवा.

एक गंमत सांगतो. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळजवळ सारखं आहे. टीटीचं २४६८ मिलिमीटर, स्विफ्टचं २४५०. अठरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे जेमतेम एक बोट. पण स्विफ्टमध्ये त्या अंतरात पाच माणसं आणि वर पोत्यापिशव्या, आणि टीटीत दोन माणसं अगदी राजासारखी आणि मागं दोन खड्डे ज्यांना कंपनी सीट म्हणते. आमचं आठ वर्षांचं पोरगं मागं बसलं तर मजेत, पण त्याची आई बसायला गेली आणि मान तिरकी करून म्हणाली मी रिक्षानं येते. बाबांनी तर दार उघडून आत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "काय गा, ह्यात बसायचं की झोपायचं?" बाबांचं चुकलं नाही, गाडीची उंची साधारण साडेचार फूट, स्विफ्ट तिच्यापेक्षा अर्ध्या फुटानं उंच. मामी तर एकदाच बसली, जोतिबाला जाताना, आणि उतरताना दोघांनी हात धरून ओढून काढावं लागलं, तेव्हापासून बस बरी म्हणते.

आता हंप. आमच्याकडं स्पीडब्रेकर फारसं कुणी म्हणत नाही, हंप म्हणतात, आणि कुठली गाडी पास कुठली नापास ते आरटीओच्या आधी हंपच ठरवतो. शाळेसमोर हंप, देवळासमोर हंप, आणि एखाद्या पुढाऱ्याचं घर असेल तर अलीकडं एक पलीकडं एक. स्विफ्टला कंपनी १६३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स सांगते, मी कधी मोजला नाही कारण कधी गरजच पडली नाही. टीटीत हंप आला की एक पद्धत आहे, मामेभावानं चावी देताना पहिली तीच शिकवली. गाडी जवळजवळ थांबवायची, तिरकी घालायची, आधी डावं पुढचं चाक चढवायचं, मग उजवं, मग तसंच मागचं, तोपर्यंत मागचा रिक्षावाला समजतो हा वळतोय आणि डावीकडनं घुसतो. उद्यमबाग ते टिळकवाडी मी रोज जातो, कधी हंप मोजले नव्हते. त्या आठवड्यात मोजले. आकडा सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल.

तिसऱ्या दिवशी अंदाज चुकला आणि खालनं खरवडलीच. रात्रीची वेळ, नव्यानं केलेला हंप, पांढरे पट्टे मारलेले नाहीत. तो आवाज पोटात गेला माझ्या. बाजूला घेऊन मोबाईलची बॅटरी लावून रस्त्यावर आडवा होऊन बघितलं, इंजिन ऑइलचं चेंबर शाबूत होतं, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर तेवढं घासलेलं. तिथनं जाणारा एक ओळखीचा थांबला, गाडी बघितली, मला रस्त्यावर आडवा बघितलं आणि म्हणाला, "एवढी महाग गाडी घेऊन खट्टे झोपूलास?" खट्टे म्हणजे कुठं. मी काय सांगणार, माझी नाही म्हंटलं असतं तर चोरीची समजला असता.

पण मग रविवार उजाडला.

पहाटे पाचला उठून चोर्ला, गोव्याच्या वाटेवरचा आमचा घाट. बेळगावकराला गाडी कशी आहे ते चोर्ल्यात कळतं, शोरूममध्ये नाही. पिरनवाडी, किणये, जांबोटीपर्यंत रस्ता म्हणजे कुठं बरा कुठं खड्ड्यांची रांगोळी, तिथं मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये डावीउजवीकडं करत चाललेलो आणि मनात म्हणत होतो काय हौस आपली. १८ इंची चाकं आणि ४० प्रोफाइलचा टायर, म्हणजे रिम आणि रस्त्यामध्ये रबर म्हणून एवढंसंच, प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यात येऊन सांगतो मी किती खोल. पण कणकुंबी सोडली, मलप्रभेचा उगम आहे ते देऊळ मागं पडलं, रस्ता जरा सलग मिळाला आणि मग ही गाडी काय आहे ते मला कळलं. वळणात घातली की घातली, अंग कलत नाही, बॉडी हलत नाही, स्टिअरिंग जिथं दाखवलं तिथं नाक जातं. गिअर स्वतःच टाकते, दोन क्लचचा सहा गिअरचा बॉक्स आहे, एक गिअर लागलेला असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो त्यामुळं बदलताना मध्ये झोळ पडतच नाही. आणि चारी चाकांना ताकद. साध्या चालीत बहुतेक काम पुढची चाकं करतात आणि ती जरा घसरायला लागली की मागच्या ॲक्सलपाशी असलेला क्लच मागच्या चाकांना ताकद पाठवतो, घाटात सकाळचं दव पडून रस्ता ओला होता तिथं मला ते बुडाखाली जाणवलं, मागनं कुणीतरी हळूच ढकलल्यासारखं. २११ हॉर्सपॉवर, ३५० न्यूटन मीटरचा टॉर्क, टर्बो. चढावर ॲक्सिलरेटर नुसता विचारला तरी गाडी जाते. मी एकटाच गाडीत हसत होतो, खोटं कशाला बोलू.

स्विफ्टला १२०० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ८२ हॉर्सपॉवर, ११२ टॉर्क. चोर्ल्याच्या चढात चार माणसं असली तर दुसरा गिअर, एसी बंद करायचा मोह, आणि पुढं ट्रक असेल तर देवाचं नाव. पण तिचं वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास, टीटीचं चौदाशेच्या घरात. हलकी असल्यामुळं उताराला ती टुणटुण जाते, ब्रेक लवकर मानते, आणि मुख्य म्हणजे मी तिला घाबरत नाही. हे मला त्या रविवारी कळलं. खाली साखळीला पोचलो, टाकी फुल्ल केली, गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त त्यामुळं खाली उतरलं की आधी पंप ही आमच्याकडची जुनी सवय, आणि टीटीची टाकी साठ लिटरची म्हणजे सवयीचं चीज झालं. मग घड्याळ बघितलं. घरापासनं साखळीला स्विफ्टनं मी नेहमी दोन तासांच्या आत येतो. टीटीनं सव्वादोन लागले. पहाटे, ट्रॅफिक नसताना, अडीचपट ताकदीच्या गाडीनं पंधरा-वीस मिनिटं जास्त. घाटात कमावलं ते सगळं जांबोटीच्या अलीकडं घालवलेलं.

हायवेची गोष्ट वेगळी, तिथं टीटी खरंच वाघ आहे. निपाणीला एकदा जाऊन आलो, काही वऱ्हाडी आणायचे होते, आणायचे म्हणजे एकच आणू शकलो. काकतीच्या पुढं वंटमुरीचा चढ लागतो तिथं स्विफ्ट तिसऱ्यात जाते, ह्या बाईनं सहावा सोडला नाही. शंभरला इतकी शांत की काटा बघून विश्वास बसत नाही, स्विफ्टमध्ये शंभरला वारा, टायर आणि बायको तिघांचे आवाज येतात. आता एक बारकी गोष्ट जी मला फार आवडली. टीटीच्या मागच्या काचेखाली एक पंखासारखा स्पॉयलर आहे, तो आत दडलेला असतो आणि १२० च्या पुढं वेग गेला की आपोआप वर येतो, ८० च्या खाली आला की परत आत. आपल्या चौपदरी हायवेला कारची मर्यादा १००, एक्स्प्रेसवेला १२०. म्हणजे निपाणी ते बेळगाव नियमानं गाडी चालवली तर तो स्पॉयलर जन्मात वर येणार नाही. त्यासाठी आत एक बटण दिलंय, दाबलं की उभी गाडी असली तरी वर येतो. मामेभाऊ ते बटण हॉटेलसमोर दाबतो.

आणि हायवे असला तरी नोव्हेंबर ते मार्च आमच्या भागातला हायवे कुणाचा? उसाच्या ट्रॉल्यांचा. संकेश्वर-निपाणी पट्ट्यात कारखाने पेटले की ट्रॅक्टर, त्याला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट असेलच असं नाही, ऊस बाजूला दोन-दोन फूट बाहेर आलेला, वर टेपवर गाणी फुल्ल. स्विफ्टमध्ये बसलं तर निदान ट्रॉली कुठं संपते ते दिसतं. टीटीत मी ट्रॅक्टरच्या शेजारी आलो आणि मला खिडकीतनं फक्त टायर दिसत होता, नुसता टायर, चालत्या भिंतीसारखा. रस्त्यावर पडलेला ऊस असतो तो वेगळाच. स्विफ्ट वरनं जाते, फार तर खड्डकन आवाज. टीटीच्या पुढच्या ओठाखाली ऊस गेला तर काय होईल ह्या विचारानं मी अंधार पडल्यावर हत्तरगी टोलच्या पुढं पूर्ण रस्ता सत्तरनं आलो, डोळे ताणून. आणि मागनं एक ओमनी लाईट मारत मला ओव्हरटेक करून गेली.

खर्चाचं बोलू. पेट्रोल मी दहा दिवसांत लिहून ठेवलं, टीटीनं गावात सात-साडेसात दिलं, हायवेला बारा. स्विफ्ट मला गावात सोळा-सतरा आणि हायवेला बावीसच्या पुढं देते, कंपनी २४.८ म्हणते पण ते कंपनीचं. टीटीला ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घाला असं झाकणाच्या आत लिहिलंय, आणि आता पंपावरचं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या त्या हिशोबानं बनतात, २०१२ ची बनलेली नाही, त्यामुळं जुनी गाडी घेताना रबरी पाईप, फ्युएल पंप ह्याच्याकडं एकदा बघून घ्यायचं. टायर एक पंधरा ते वीस हजार, स्विफ्टचा पाच-सहा. गिअरबॉक्सचं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं, फिल्टरसकट, आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या त्या क्लचचं तेल परत वेगळं. सेकंडहँड गाडीत नेमकं हेच कुणी केलेलं नसतं, कारण इंजिन ऑइल बदललं की सर्व्हिस झाली अशी आपली समजूत. मामेभावाच्या गाडीचं सर्व्हिस बुक चाळलं तर मध्ये तीन वर्षं कोरी.

त्याचं खरेदीचं प्रकरण सांगतो, कारण त्याच्यात जास्त शिकायला आहे. पुण्यातल्या एका डीलरनं त्याला अडतीस हजार चाललेली, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी म्हणून दिली. सेकंडहँड गाडी कायम डॉक्टरचीच असते का काय माहीत नाही. स्टिअरिंगचं चामडं डाव्या बाजूला गुळगुळीत झालेलं, ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं, अडतीस हजारात एवढं झिजत नाही. टायरवर चार आकडे असतात ते बघायचे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, ह्याच्या तीन टायरवर वर्ष २०१९ आणि एकावर २०१६, म्हणजे चारही टायर एकदम बदललेले नाहीत, का ते विचारायचं. ह्यानं विचारलंच नाही कारण तोपर्यंत त्यानं सायलेन्सरचा आवाज ऐकला होता. डिक्कीत स्टेपनीच्या जागी आधीच्या मालकानं सबवूफर बसवलेला. सबवूफर चांगला आहे हो, पण कणकुंबीच्या पुढं पंक्चर झालं तर गाणी ऐकत बसायचं काय? मी रविवारी निघालो तेव्हा हवा भरायचा छोटा पंप आणि पंक्चरच्या दोऱ्या शेजारच्याकडनं उसन्या घेऊन गेलो होतो.

आणि पासिंग. ह्याच्यावर आमच्या सीमाभागातल्या माणसानं सगळ्यात आधी विचार करायला पाहिजे. कर्नाटकात लाईफटाईम टॅक्स जास्त, पाच ते दहा लाखाच्या गाडीला १४ टक्के आणि त्या टॅक्सवर परत ११ टक्के सेस, महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. त्यामुळं बेळगावात, निपाणीत एमएच ०९ च्या गाड्या काय कमी दिसत नाहीत, कुणाचा भाऊ कोल्हापूरला, कुणाची बहीण चंदगडला. पण परराज्यातली गाडी वर्षापेक्षा जास्त इकडं ठेवली तर पासिंग बदलून घ्यायला पाहिजे हा कायदा आहे. त्यासाठी मूळ आरटीओकडनं एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग मालकी बदलायला २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडनं ३५, मग इथला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे, आणि तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला पुण्याला हेलपाटे. गाडीच्या किमतीत हे कुणी धरत नाही. मामेभावाचे आठ महिने झालेत, चार राहिले, अजून एनओसी नाही. शिवाय २०१२ ची गाडी म्हणजे आरसी २०२७ पर्यंतच, पंधरा वर्षं झाली की परत फिटनेस, परत फी. इन्शुरन्सचं पण तेच, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो, त्याच्याबरोबर जातो. ह्याला वाटलेलं पन्नास टक्के सूट लिहिलीय म्हणजे आपल्यालाच.

स्विफ्टबद्दल लिहायचं तर लिहिण्यासारखं कमी आहे, आणि तक्रार करायची तर ती मी स्वतःवरच करतो की २०२४ ला घेतली, ऑन रोड दहाला थोडी कमी पडली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ वर आला. वर्षभर थांबलो असतो तर पैसे वाचले असते, हे मला आमच्या गल्लीतल्या निदान सात जणांनी येऊन सांगितलंय. बाकी सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला, डिक्की २६५ लिटरची, मागची सीट पाडली की आमचे कास्टिंगचे नमुने, ड्रॉइंगच्या नळ्या, रविवार पेठेतनं आणलेलं महिन्याचं सामान सगळं बसतं. सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडरची थरथर पायाला लागते, स्टिअरिंग हलकं आहे पण रस्ता काय म्हणतोय ते सांगत नाही, टीटीनंतर तर अगदीच मुकं वाटतं. पार्किंगला खडेबाजारात कुठंही घुसवा, कुणी वळून बघत नाही. टीटी गणपत गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभी केली तर परत आलो तेव्हा दोन पोरं बोनेटला टेकून फोटो काढत होती आणि तिसरा त्यांना सांगत होता की ही बाराशे सीसीची आहे.

मग घ्यायची कुठली. कुणाकडं आधीच एक कामाची गाडी आहे, दारात झाकलेली जागा आहे, दरवर्षी लाखभर रुपये नुसते देखभालीला बाजूला ठेवायची तयारी आहे, आणि रविवारी पहाटे उठायची सवय आहे, त्यानं टीटी बघावी, पण आधी खालनं बघावी, मग वरनं. पुण्याऐवजी केए पासिंगची मिळाली तर अर्धी डोकेदुखी कमी. दिल्लीची स्वस्त पडते कारण तिकडं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर बंदीची टांगती तलवार, मालक आधीच विकून मोकळे होतात, पण तिथनं इथपर्यंत आणणं आणि परत तेच एनओसी. आणि ज्याची एकच गाडी असणार आहे, त्याच्या घरात म्हातारी माणसं आहेत, ज्याला जांबोटी, चंदगड, हुक्केरीकडं कधीही जावं लागतं, त्यानं कुठलीही छोटी हॅचबॅक घ्यावी, स्विफ्टच असं नाही. मला विचाराल तर टीटी जास्त आवडली. पण त्या दहा दिवसांत कुठं जायचं ते मी ठरवत नव्हतो, गाडी ठरवत होती. उचगावला मळेकरणीला जायचं होतं, नको म्हंटलं, रस्ता खोदलाय. येळ्ळूरला मित्राकडं जेवायला बोलावलेलं, बायकोला म्हंटलं बसनं जाऊ. दहा दिवसांत मी गाडी असून जेवढा घरात बसलो तेवढा लॉकडाऊननंतर पहिल्यांदाच.

लग्न झालं, दहावा दिवस झाला, मामेभाऊ स्विफ्ट घेऊन आला. तेराशे किलोमीटर चालवलेली, मागच्या सीटवर हळदीचे पाच बोटांचे डाग, डिक्कीत तांदळाचे दाणे आणि एक वऱ्हाड्याची चप्पल. काय काय नेलं म्हणून विचारलं तर मोजायला लागला, मंडपाचं सामान, आचाऱ्याची दोन पातेली, मामी आणि तिच्या चार बहिणी एका खेपेत. जेवून नऊ वाजता निघाला, टीटीवरची ताडपत्री काढली, आत बसला, बाहेर बघितलं, परत उतरला. म्हणाला, "दादा, आज स्विफ्टच नेतो काय? रातचं ट्रॉल्या असतात. उद्या आणून देतो." अड्डी नाही म्हंटलं, ने.

आज पाचवा दिवस. टीटी दारात ताडपत्रीखाली आहे, आणि मी कास्टिंगची पिशवी हँडलला अडकवून उद्यमबागेला मोटरसायकलनं जातोय.